विमानात फुकट वरचा वर्ग कसा मिळतो: गावाकडून निघणाऱ्यांसाठी सविस्तर

अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहून परत आलेले एक काका माझ्या दुकानात आले. खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं, "ताई, विमानात समोरच्या मोठाल्या खुर्च्या रिकाम्याच होत्या. चार-पाच तरी. माझे पाय सुजून आले होते. मंग मले काऊन नाही बसू देलं तिथं?"

मी वर्धा जिल्ह्यात आर्वीला ऑनलाइन सेवा केंद्र चालवते. सातबारा, पीक विमा, परीक्षांचे फॉर्म आणि अलीकडे विमानाची तिकिटं. आपल्याकडची पोरं पुण्याला शिकली, हैदराबादला नोकरीला लागली आणि तिथून डॅलस, टोरांटो, फ्रँकफर्टला गेली. लेकीच्या बाळंतपणाला, नातवाच्या बारशाला आई-बाप निघतात. जन्मभर वावरात वाकलेल्या गुडघ्यांना चौदा-पंधरा तास अरुंद खुर्चीत दुमडून बसावं लागतं. यांच्यासाठी पाय पसरायला जागा मिळणं ही चैन नाही, म्हणून मी हा विषय मनावर घेतला. तिकिटं काढताना, भांडताना आणि बाबांना एकदा ती जागा मिळाली तेव्हा जे कळलं, ते सगळं इथे सांगते.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. समोरची खुर्ची रिकामी आहे म्हणून कोणी कोणाला तिथे बसवत नाही. मागचा वर्ग ओसंडला तरच पुढे बसवतात.

पुढे बसवतात ते कशासाठी

तिकीट काढूनही काही जण येतच नाहीत, हे कंपन्यांना ठाऊक असतं. म्हणून गर्दीच्या विमानाची जागेपेक्षा थोडी जास्तच तिकिटं विकली जातात. आता एअर इंडियाच्या नव्या मांडणीचं ए३२० निओ विमान घ्या. त्यात बिझनेस म्हणजे सगळ्यात वरच्या वर्गाच्या ८, प्रीमियम इकॉनॉमी म्हणजे मधल्या वर्गाच्या २४ आणि साध्या इकॉनॉमीच्या १३२ जागा असतात. समजा, इकॉनॉमीची १३६ तिकिटं विकली आणि त्या दिवशी सगळेच आले. चार माणसं उरली. त्यांना उतरवायचं तर भरपाई द्या, दुसऱ्या विमानात जागा शोधा, वर वाद ऐका. त्यापेक्षा प्रीमियम इकॉनॉमीत चार जागा रिकाम्या असतील तर चौघांना तिकडे सरकवणं कंपनीला स्वस्त पडतं. फुकटचं अपग्रेड म्हणतात ते बहुतेक वेळा हेच असतं.

आता यातली खरी गोष्ट. सरकवतात ते उरलेल्या चौघांनाच असं नाही. सगळ्या यादीतून कंपनी आपल्या हिशोबाने चार नावं निवडते. सगळ्यात आधी नेहमी प्रवास करणारे, कंपनीच्या सभासद योजनेतले वरच्या श्रेणीचे सभासद, मग महागाचं तिकीट काढलेले, मग साधे सभासद, आणि मग ज्यांना हलवणं सोपं आहे असे. शेवटी काउंटरवर कोण गोड बोललं, याचा नंबर फार खाली लागतो. म्हणजे आपल्या हातात दोनच गोष्टी आहेत. ज्या विमानाचा मागचा वर्ग ओसंडण्याची शक्यता आहे ते विमान निवडायचं आणि त्या यादीत आपलं नाव जमेल तितकं वर न्यायचं.

काकांच्या विमानात मागेही वीस-पंचवीस जागा रिकाम्या होत्या. त्यांनीच सांगितलं. मग पुढे सरकवायचं कारणच उरलं नाही.

आधी विमान बघा

आपल्याकडून निघणाऱ्यांची पहिली चूक इथेच होते. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून सुटणारी बहुतेक विमानं इंडिगोची असतात आणि त्यातल्या बहुतेकांत एकच वर्ग असतो. इंडिगोने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर मोठ्या खुर्च्यांचा वेगळा वर्ग सुरू केला, पण तुमच्या विमानात तो नसेल तर वर जायला वरचा वर्गच नाही. तिथे काउंटरवर अपग्रेड मागणं म्हणजे साध्या लाल डब्याच्या एसटीत शिवशाहीची सीट मागण्यासारखं आहे.

अमरावतीजवळ बेलोऱ्याचं विमानतळ १६ एप्रिल २०२५ ला सुरू झालं आणि अलायन्स एअरचं मुंबईचं विमान तिथून उडू लागलं. ते एटीआर ७२ जातीचं, पंख्याचं छोटं विमान आहे. दोन-दोनच्या रांगा, वर्ग एकच. पण ते वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा: या विमानात चढायचं-उतरायचं दार मागच्या बाजूला असतं. गुडघ्याचा त्रास असेल तर मागची रांग मागा. चालणं कमी होतं आणि आधी उतरता येतं.

मग शक्यता कुठे आहे? नागपूरहून मुंबई-दिल्लीला जाणाऱ्या एअर इंडियाच्या विमानांत वरचे वर्ग असतात. नागपूरहून थेट दोह्याला जाणाऱ्या कतार एअरवेजच्या विमानात बिझनेस वर्ग असतो. आणि खरी मोठी शक्यता दिल्ली, मुंबई, दोहा, फ्रँकफर्ट अशा ठिकाणांहून पुढे निघणाऱ्या मोठ्या विमानांत असते. तिकीट काढताना साइटवर विमानाची जात लिहिलेली असते, तिच्यावर बोट ठेवून जागांचा नकाशा उघडा. पुढे मोठ्या खुर्च्या दिसतात का आणि किती, हे दोन मिनिटांत कळतं. प्रीमियम इकॉनॉमी असलेलं विमान मी नेहमी आधी घेते, कारण इकॉनॉमीतून एकदम बिझनेसला जाण्यापेक्षा मधल्या वर्गात सरकणं जास्त वेळा घडतं. आपल्या माणसाच्या गुडघ्यांना तेवढंही पुष्कळ असतं.

दिवस आणि वेळ

बिझनेस वर्ग कामासाठी फिरणाऱ्यांनी भरतो. सोमवार सकाळ आणि शुक्रवार संध्याकाळ हे त्यांचे दिवस. तेव्हा पुढे जागाच नसते. उलट दिवाळीत, मे महिन्यात, लग्नसराईत, लागून सुट्ट्या आल्या की घरदार घेऊन निघालेल्यांनी इकॉनॉमी खच्चून भरते आणि साहेबलोक घरी असतात. मागे गर्दी, पुढे मोकळं. आपल्याला हेच पाहिजे.

डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन असतं. त्या काळात मुंबई-नागपूर मार्गाची पुढची जागा आमदार, अधिकारी आणि त्यांच्यामागे फिरणाऱ्यांनी भरलेली असणार असं धरूनच चाला. त्या दिवसांत तिकीटही महाग असतं. प्रवास पुढे-मागे करता येत असेल तर करा.

तिकीट कसं काढावं

प्रत्येक तिकिटावर वर्गापुढे इंग्रजीतलं एक अक्षर छापलेलं असतं. बहुतेक कंपन्यांत 'वाय' म्हणजे पूर्ण भाड्याची इकॉनॉमी. त्याखाली उतरत्या भाड्याची बरीच अक्षरं असतात आणि त्यांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. एकाच रांगेत शेजारी बसलेल्या दोघांची अक्षरं वेगळी असू शकतात. पुढे सरकवायची वेळ आली की हे अक्षर बघितलं जातं. सगळ्यात स्वस्त आणि त्याच्या वरचं भाडं यांत थोडासाच फरक असेल, तर मी वरचं घ्यायला सांगते. त्यात तारीख बदलणं सोपं जातं, पॉइंट (प्रवासाबद्दल सभासद खात्यात जमणारे गुण) जास्त मिळतात आणि यादीत नावही वर जातं. फरक आठ-दहा हजारांचा असेल तर मात्र नको. मिळेल-न मिळेल अशा गोष्टीसाठी कापसाचे पैसे घालू नका.

यात्रा कंपनीचं गटाचं तिकीट असेल तर अपग्रेडचा विचार सोडून द्या. ती तिकिटं यादीच्या अगदी तळाशी असतात.

आता एकट्याचं आणि जोडीचं. एकटा माणूस हलवणं सोपं, जोडी हलवायला दोन जागा लागतात. म्हणून काही जण नवरा-बायकोची तिकिटं वेगवेगळ्या पीएनआरवर काढायला सांगतात. माझं मत याच्या पूर्ण विरुद्ध आहे. पहिल्यांदा परदेशी निघालेल्या, इंग्रजी न येणाऱ्या जोडप्याचं विमान चुकलं किंवा रद्द झालं, तर वेगळ्या पीएनआरमुळे दोघं दोन वेगळ्या विमानांत जाऊ शकतात. दोह्याच्या विमानतळावर काकू एकट्या आणि काका अजून दिल्लीत, हे चित्र डोळ्यासमोर आणा. एका खुर्चीसाठी हा धोका घेऊ नका. दोघंही सराईत असतील तर गोष्ट निराळी.

आणि नागपूरपासून शेवटच्या ठिकाणापर्यंत तिकीट एकच असू द्या. नागपूर-दिल्ली वेगळं आणि पुढचं वेगळं काढलं की पहिलं विमान उशिरा पोचल्यावर दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही.

सभासद क्रमांक, आणि नावाचा घोळ

प्रत्येक मोठ्या विमान कंपनीची सभासद योजना असते आणि तिच्यात नाव घालायला पैसे लागत नाहीत. एअर इंडियाची योजना आता महाराजा क्लब नावाने चालते, कतारची प्रिव्हिलेज क्लब, इंडिगोची ब्लूचिप. वर्षाकाठी एकदा प्रवास करणाऱ्याला वरची श्रेणी मिळणार नाही हे खरं. पण एकाच भाड्याचे दोन प्रवासी असले आणि त्यातल्या एकाच्या नावापुढे सभासद क्रमांक असला, तर निवड बहुधा त्याची होते. दहा मिनिटांचं काम आहे, तरी माझ्याकडे येणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते केलेलं असतं.

सगळ्या योजनांत थोडं थोडं नाव घालण्यापेक्षा एका गटाला धरून राहा. एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्स या गटात आहे. लुफ्तान्सा, सिंगापूर एअरलाइन्स, युनायटेड याच गटातल्या. त्यामुळे फ्रँकफर्टला लुफ्तान्साने गेलात तरी पॉइंट महाराजा क्लबमध्ये घेता येतात, फक्त तिकिटाच्या भाड्याचा प्रकार त्यात बसला पाहिजे. कतार एअरवेज वनवर्ल्ड या दुसऱ्या गटात आहे. मुलगा ज्या शहरात आहे तिथे नेहमी कोणत्या विमानाने जावं लागतं ते बघा आणि तो गट धरा.

इथेच आपल्याकडे एक घोळ हमखास होतो. पासपोर्टवर नाव 'विमल', आधारवर 'विमलबाई' आणि मुलाने अमेरिकेतून सभासद खातं उघडलं ते 'विमल' आणि पुढे वडिलांचं नाव जोडून. कुणाच्या पासपोर्टवर आडनावाची जागाच रिकामी असते. खात्यातलं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षराने जरी वेगळं निघालं तरी क्रमांक जोडला जात नाही आणि पॉइंट पडत नाहीत. खातं उघडताना पासपोर्ट समोर ठेवा आणि त्यावर जसं छापलंय तसंच एकेक अक्षर टाका. तिकीटही तसंच. पासपोर्टवर नसेल तर बाई, राव, जी काही लावायचं नाही.

प्रवासानंतर पॉइंट दिसले नाहीत तर घाबरू नका. बोर्डिंग पासचा तुकडा आणि ई-तिकीट जपून ठेवलं असेल तर काही महिन्यांच्या आत साइटवरून मागता येतात. म्हणूनच मी सगळ्यांना सांगते, घरी आल्या-आल्या बोर्डिंग पास फाडून फेकू नका. मोबाईलमध्ये फोटो तरी काढून ठेवा.

मुलाच्या खात्यात पडून असलेले पॉइंट

हा भाग नीट वाचा. आपल्या लोकांना खरोखर पुढे बसवणारा सगळ्यात भरवशाचा रस्ता हाच आहे आणि तो कोणी वापरत नाही.

परदेशात नोकरी करणारा मुलगा कंपनीच्या कामाने फिरतो. त्याच्या नावावर पॉइंट जमतात. क्रेडिट कार्डाचे वेगळे जमतात आणि बऱ्याच बँकांच्या काही कार्डांवरचे पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात वळवता येतात. त्यातले बरेच मुदत संपून वायाही जातात. हे पॉइंट आई-वडिलांच्या तिकिटाच्या अपग्रेडसाठी वापरता येतात. काही योजनांत आधी त्यांची नावं 'कुटुंब' किंवा 'नामनिर्देशित' म्हणून नोंदवावी लागतात, काहींत सगळ्या घराचे पॉइंट एकत्र करता येतात. रोख पैसा लागला तर थोड्याफार करांपुरता.

क्रम असा ठेवा. तिकीट काढायच्या आधी मुलाला फोन करा आणि विचारा, तुझ्याकडे कोणत्या कंपनीचे किती पॉइंट आहेत. मग तिकीट त्याच कंपनीचं बघा. काढायच्या आधी हे भाडं पॉइंटने अपग्रेड होतं का ते तपासा, कारण सगळ्यात स्वस्त भाड्यावर बऱ्याच कंपन्या परवानगी देत नाहीत. लोक उलटं करतात. आधी सगळ्यात स्वस्त तिकीट घेतात, मग मुलाला सांगतात आणि मग कळतं की या तिकिटावर चालत नाही.

दुसरं, पॉइंट दोघांच्या जाण्या-येण्याला पुरत नसतील तर सगळ्यात लांबच्या टप्प्यावर वापरा. नागपूर-दिल्ली दीड-पावणेदोन तासांचं आहे, तिथे पॉइंट घालवू नका. दिल्लीच्या पुढचा चौदा-पंधरा तासांचा टप्पा खरा त्रासाचा. मागितल्याबरोबर जागा पक्की होत नाही, बऱ्याचदा नाव प्रतीक्षा यादीत जातं आणि निघायच्या दोन-तीन दिवस आधी किंवा थेट काउंटरवर कळतं. म्हणून लवकर मागा.

शेवटचे दोन दिवस

वेब चेक-इन, म्हणजे घरूनच साइटवर खुर्ची पक्की करून बोर्डिंग पास घेणं, कंपनीप्रमाणे ४८ किंवा २४ तास आधी सुरू होतं. त्या वेळी मी एक गोष्ट करून बघते. बहुतेक साइटवर एका वेळी जास्तीत जास्त ९ प्रवाशांचं तिकीट निघतं. आपल्याच विमानासाठी ९ प्रवाशांची इकॉनॉमी शोधायची, विकत घ्यायची नाही. मिळत नसेल तर एकाची शोधायची. एकाचीही नाही आणि बिझनेस मात्र विकायला आहे, म्हणजे मागे गच्च आणि पुढे मोकळं. अशा दिवशी काउंटरवर विचारण्यात अर्थ आहे. ९ आरामात मिळत असतील तर विचारून उपयोग नाही, चांगली जागा निवडायच्या मागे लागा.

नुसता जागांचा नकाशा पाहून ठरवू नका. त्यात रिकाम्या दिसणाऱ्या जागा विकलेल्याही असतात, फक्त त्या माणसाने अजून खुर्ची निवडलेली नसते.

काही जण सांगतात की चेक-इन मुद्दाम उशिरा करा, म्हणजे खुर्ची उरणार नाही आणि पुढे बसवतील. हे ऐकू नका. ओसंडलेल्या विमानात उशिरा आलेल्याला पुढे बसवण्याऐवजी विमानात न घेता खाली ठेवण्याचीच शक्यता जास्त. वेब चेक-इन उघडल्याबरोबर करा, खुर्ची पक्की करा. पुढे सरकवायचं असेल तर खुर्ची असलेल्यालाही सरकवतात.

खास जेवण मागितलं असेल, म्हणजे जैन किंवा मधुमेहाचं, तर त्या माणसाला हलवणं थोडं अडचणीचं होतं. तरी साखर असलेल्याने औषधासारखं हे जेवण मागावंच. व्हीलचेअरचंही तेच. ती फुकट मिळते आणि मोठ्या विमानतळावर आपल्या माणसाला दारापर्यंत पोचवते. अपग्रेडच्या आशेने ती सोडू नका.

विमानतळावर

आर्वीहून निघताना समृद्धीवरून गेलात तरी हाताशी वेळ ठेवा. धावतपळत आलेल्याला काउंटरवर कोणी काही देऊ शकत नाही. देशातल्या विमानाला दोन तास, परदेशीला तीन ते साडेतीन तास आधी पोचा.

कपड्यांबद्दल फार विचारतात. स्वच्छ, नीटनेटके असले की झालं. टोपी, धोतर, नऊवारी घालून गेलं तर पुढे बसवत नाहीत असं कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. यादी संगणक लावतो, त्यात कपडे दिसत नाहीत. काउंटरवरच्या माणसापुढे दोन सारखी नावं आली तर त्याची नजर आपल्यावर जाते, एवढंच. हातातलं सामान मात्र आटोपशीर ठेवा. कुरोड्या, सांडगे, तिखट, तुरीची डाळ हे सगळं मोठ्या बॅगेत. तीन पिशव्या गळ्यात अडकवलेल्या माणसाला बघून काउंटरवाल्याचं आधी वजनकाट्याकडेच लक्ष जातं.

विचारायचं कसं? गर्दी थोडी ओसरली की, आवाज खाली ठेवून, हिंदीत किंवा मराठीत: "मॅडम, आज इकॉनॉमी पूर्ण भरली आहे का? कुणाला पुढे सरकवायची गरज पडली तर आमची तयारी आहे. माझ्या गुडघ्यांना त्रास आहे आणि सभासद क्रमांक तिकिटावर जोडलेला आहे." बस, एवढंच. खोटं आजारपण सांगू नका. त्याने कधी कधी उलटंच होतं, 'फिट टू फ्लाय', म्हणजे विमानप्रवास झेपेल असं डॉक्टरचं प्रमाणपत्र मागतात आणि विमानच राहून जातं. नाही म्हटलं तर धन्यवाद म्हणा आणि हेही विचारा: "पैसे भरून मिळत असेल तर किती?" शेवटच्या घटकेला काउंटरवरचा भाव कधी कधी मूळ फरकाच्या बराच खाली असतो.

बहुतेक वेळा निर्णय काउंटरवर होत नाही, गेटवर होतो. माझे बाबा भावाकडे निघाले होते, दिवाळीनंतर तिसऱ्या दिवशी. आई आधीच तिकडे पोचली होती, म्हणून एकटेच. दिल्लीच्या गेटवर रांग सरकत होती आणि प्रत्येकाचा पास यंत्राखाली धरला की हिरवा दिवा लागायचा. बाबांचा पास धरला तर वेगळाच आवाज आला आणि लाल दिवा लागला. ते घाबरून मागे सरकले. गेटवरच्या मुलीने त्यांच्या हातातला पास घेतला, बाजूच्या यंत्रातून नवा छापून निघाला तो दिला आणि जुना फाडून टाकला. बाबांना इंग्रजी येत नाही, पण आकडे वाचता येतात. जुन्यावर ३८ होतं, नव्यावर ११. त्यांना वाटलं जागा गेली. आत गेल्यावर पाय सरळ करता येतील एवढी जागा दिसली तेव्हा कळलं. एकटे होते, सभासद क्रमांक जोडलेला होता, मागचा वर्ग सुट्टीच्या गर्दीने भरून वाहत होता, आणि भाडं सगळ्यात स्वस्ताच्या एक पायरी वरचं होतं. यातलं कोणतं कामी आलं ते मला सांगता येणार नाही, पण चारही गोष्टी जुळून आल्या होत्या.

म्हणून घरच्यांना आधीच सांगून ठेवा: गेटवर लाल दिवा लागला तर घाबरायचं नाही, नाव पुकारलं तर लगेच जायचं. आणि गेट सोडून लांब बसायचं नाही. नाव पुकारूनही माणूस आला नाही तर यादीतला पुढचा पुढे जातो.

जागा कमी पडली आणि कोणी स्वतःहून थांबता का विचारलं तर

नियम असा आहे की विमान ओसंडलं तर कंपनीने आधी स्वतःहून थांबणारे प्रवासी शोधायचे. ही वेळ तुमची असते. घाई नसेल, पुढचं विमान काही तासांत असेल, तर पुढे व्हा आणि मागा: पुढच्या विमानात वरच्या वर्गाची पक्की जागा, तोवरचं जेवण, रात्र काढावी लागली तर हॉटेल. हो म्हणायच्या आधी नवा बोर्डिंग पास हातात घ्या. तोंडी आश्वासनावर जागा सोडू नका. पुढे जोड विमान असलेल्याने किंवा मुलगा दुसऱ्या टोकाला न्यायला येऊन थांबला असेल त्याने या फंदात पडू नये.

तुमची इच्छा नसताना खाली ठेवलं, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीएच्या नियमाने भरपाई मिळते. एका तासाच्या आत सुटणारं दुसरं विमान दिलं तर काही नाही. २४ तासांच्या आत दिलं तर एकतर्फी मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून त्याच्या दुप्पट, पण १० हजार रुपयांपर्यंत. २४ तासांच्या पुढे गेलं तर चौपट, २० हजारांपर्यंत. आणि उलटं घडलं, म्हणजे वरच्या वर्गाचं तिकीट असून खालच्या वर्गात बसवलं, तर १५ फेब्रुवारी २०२३ पासून देशातल्या विमानाला करासकट तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत द्यावी लागते. परदेशीला अंतराप्रमाणे ३०, ५० किंवा ७५ टक्के. दिली नाही तर एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते.

हे मी अनुभवाने सांगते. आमच्या एका जोडप्यासाठी मी पैसे भरून जास्त जागेच्या दोन खुर्च्या घेतल्या होत्या. ऐन वेळी कंपनीने विमान बदललं आणि त्यांना शेवटच्या रांगेत बसवलं. पैसे आपोआप परत येतील म्हणून वाट बघितली, आले नाहीत. खुर्चीची पावती आणि दोन्ही बोर्डिंग पासचे फोटो जोडून लिहिलं, तेव्हा आले. पावती नसती तर काहीच करता आलं नसतं.

बोली

बऱ्याच आंतरराष्ट्रीय कंपन्या प्रवासाच्या काही दिवस आधी ई-मेल पाठवतात की वरच्या वर्गासाठी बोली लावा. हे फुकट नाही, म्हणून थोडक्यात सांगते. बोली माणशी आणि एका टप्प्याची असते, मंजूर झाली तरच पैसे कापतात आणि कापले की सहसा परत मिळत नाहीत. किमान आकड्याच्या किंचित वर लावा आणि फक्त लांबच्या टप्प्यावर. हा ई-मेल तिकीट काढणाऱ्याच्या पत्त्यावर येतो, म्हणून दुकानदाराचा नाही, घरच्यांचा पत्ता द्या.

काहीच मिळालं नाही तर

बहुतेक वेळा मिळणार नाही. म्हणून इकॉनॉमीतली चांगली खुर्ची मिळवायचं कसब जास्त उपयोगाचं आहे.

दोघं असाल तर मागच्या भागातल्या तीनच्या रांगेत खिडकीची आणि कडेची खुर्ची घ्या, मधली सोडा. विमान पूर्ण भरलं नाही तर दोघांच्या मधली एकटी खुर्ची कोणी निवडत नाही आणि तीन खुर्च्या दोघांना मिळतात. कोणी आलंच तर खिडकी किंवा कड त्याला द्या, तो आनंदाने बदलून घेतो.

आपत्कालीन दाराजवळच्या रांगेत पाय पसरायला भरपूर जागा असते, पण तिथे म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बाई, व्हीलचेअर घेणारे आणि कर्मचाऱ्यांच्या सूचना न समजणारे बसू शकत नाहीत. तरुणांनी घ्यावी. ए३२० विमानात अशा दोन रांगा एकामागे एक असतात. त्यातली मागची घ्या, कारण पुढच्या रांगेची पाठ मागे झुकत नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी भिंतीसमोरची पहिली रांग बरी. समोरचा माणूस पाठ टेकवून अंगावर येत नाही. फक्त पायाशी पिशवी ठेवता येत नाही, औषधं खिशात काढून ठेवा.

लहान मुलं सोबत असतील तर शेजारच्या जागेसाठी पैसे भरायच्या आधी विचारा. १२ वर्षांखालच्या मुलाला एका तरी पालकाशेजारी बसवावं, असं डीजीसीएने २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलेलं आहे.

चढणं संपून दार बंद झालं की कर्मचाऱ्यांना विचारा, "मागे पूर्ण रिकामी रांग आहे का?" त्याच वर्गात असेल तर बहुधा बसू देतात. खुर्चीची पाठ झुकत नसेल किंवा काही मोडलेलं असेल तर ते विमान सुटायच्या आधी सांगा. उडाल्यावर त्यांच्याही हातात फार काही राहत नाही.

एक मात्र कळकळीने सांगते. 'अपग्रेड करून देतो' असा फोन आला, ओटीपी मागितला, एखादं ॲप उतरवायला सांगितलं, तर तिथेच फोन ठेवा. कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक गुगलवर शोधू नका, तिथे खोटे क्रमांकही असतात. तिकिटावर छापलेलाच लावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर होईल तितके ते परत मिळणं कठीण.

आणि पुढे बसवलंच, तर सामानाची मर्यादा मूळ तिकिटाचीच राहते असं धरा. मागितलेलं खास जेवण पुढच्या वर्गात पोचलं का ते विचारा. परतीचं तिकीट आपोआप वर जात नाही, ती लढाई पुन्हा पहिल्यापासून.

काका येत्या ऑक्टोबरात पुन्हा निघताहेत, या वेळी काकू सोबत आहेत. मुलाला फोन लावून विचारलं तर त्याच्याकडे पॉइंट निघाले, पण एकाच माणसाच्या, एकाच बाजूच्या टप्प्याला पुरतील एवढे. काकूंच्या खात्यात 'बाई' लागलं होतं, ते पासपोर्ट दाखवून दुरुस्त करायला दहा दिवस गेले. कोणाच्या नावावर टाकू म्हणून विचारलं, तर काका म्हणाले, "तिच्या. माझं होऊन जाते." नाव सध्या प्रतीक्षा यादीत आहे. मी रोज दुकान उघडलं की आधी ते बघते.